ऑफिसच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला?

ग्रुप: फक्त सोसायटीचे मेसेज (नो गुड मॉर्निंग), फोंडा

शुक्रवार

उल्हास सी-१०४: नमस्कार. आत्ता ऑफिसात जाऊन आलो, कॉम्प्युटर चालूच होत नाही. निळा स्क्रीन, वर रडकं तोंड, मग आपोआप बंद, परत चालू, परत तेच. मला सोमवारपर्यंत नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा दाखला) पाहिजे, बँकेने मागितलंय. कोणी हात लावला होता?

दामूकाका ए-१०१: मी चावी २०२३ सालीच सुपूर्द केली आहे. फक्त माहितीसाठी.

वर्षा (सेक्रेटरी) बी-१०१: काका, तुमच्यावर कोणी काही म्हटलेलं नाही अजून.

रोहन सी-३०२: "अजून" 😂

प्रकाश (खजिनदार) ए-२०२: मीच बसलो होतो दुपारी. सी ड्राइव्ह भरून लाल झालेला, टॅली उघडायला पाच मिनिटं घेत होती, एजीएमचे हिशेब काढायचेत ना, म्हणून जुन्या फाइली काढल्या.

अद्वैत बी-१०१: कुठल्या काका?

प्रकाश ए-२०२: विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२ म्हणून एक आहे बघ. त्यात हजारो फाइली आणि बहुतेकांची तारीख ७/१२/२०१९. म्हटलं २०१९ चं ऑडिट कधीच झालं, ठेवून काय करायचंय. पण डिलीट होईनात, परमिशन मागायला लागला, मग व्हिडिओ बघून ती ओनरशिप माझ्या नावावर करून घेतली आणि मग गेल्या भराभर. काही "ओपन आहे" म्हणाल्या त्या स्किप केल्या. जागा हवी होती म्हणून रिसायकल बिन पण रिकामा केला. तेवढ्यात लाईट गेली. आली तर हे.

रोहन सी-३०२: काका मालकी नावावर केली तर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर पण नाव चढवून घ्यायचं ना 😂😂

अद्वैत बी-१०१: ती तारीख आपल्या सोसायटीची नाही हो काका. विंडोज १० च्या फाइलींवर तीच तारीख असते, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण ७ डिसेंबर २०१९ च आहे. त्या फाइली म्हणजेच विंडोज. उघड्या होत्या त्या डिलीट झाल्या नाहीत म्हणून लाईट जाईपर्यंत तरी मशीन चाललं.

उल्हास सी-१०४: ते सगळं ठीक आहे. माझ्या नो ड्यूजचं काय?

दामूकाका ए-१०१: माझ्या कार्यकाळात सर्व नोंदी वहीत होत्या. वहीला लाईट लागत नाही. २०२२ च्या सभेत मी बॅकअपचा मुद्दा मांडला होता, तो इतिवृत्तात आहे.

वर्षा बी-१०१: इतिवृत्त पण त्याच कॉम्प्युटरवर आहे काका.

रोहन सी-३०२: म्हणजे थकबाकीची यादी पण गेली? देव बरें करूं पात्रांव 🙏

सुलभाताई बी-२०३: रोहन, तुला हसू येतंय कारण तुझं नाव त्यात आहे. आणि मासळीचं पाणी जिन्यात सांडायचं तेवढं थांबव.

रोहन सी-३०२: ते मी नव्हे, ते सी-२०१. आणि माझे दोनच महिने राहिलेत.

प्रकाश ए-२०२: तिस्कावर एका दुकानात विचारलं. म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, १२०० रुपये, उद्या आणा.

अद्वैत बी-१०१: काका प्लीज कुठे नेऊ नका आणि कोणी चालू पण करू नका. फॉरमॅट मारला की डेटा पण जाईल. आपला डेटा सिस्टम३२ मध्ये नाहीच आहे, टॅलीचा फोल्डर वेगळा आहे आणि बाकी सगळं डेस्कटॉपवर. गेलंय ते फक्त विंडोज, ते परत आणता येतं. उद्या कॉलेजला सुट्टी आहे, मी बसतो.

दामूकाका ए-१०१: म्हणजे सेक्रेटरींच्या मुलाकडेच काम. छान. कोटेशन मागवले का?

वर्षा बी-१०१: फुकट करतोय काका. शून्य रुपयांची तीन कोटेशनं मागवू का?

शनिवार

उल्हास सी-१०४: गुड मॉर्निंग. नो ड्यूज?

अद्वैत बी-१०१: पेन ड्राइव्हवर लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टम) टाकून त्याच्यावरून मशीन चालू केलं. हार्ड डिस्कला काही न करता आत बघता येतं असं. टॅलीचा फोल्डर आहे, डेस्कटॉप आहे, इतिवृत्त पण आहे. सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतोय. डिस्क जुनी आहे, घरघरते, दोनेक तास जातील.

सुलभाताई बी-२०३: शाबास रे बाळा. चहा पाठवते. दोघांना की तिघांना?

प्रकाश ए-२०२: मी पण आहे इथे, टॉर्च धरून. लाईट परत गेली होती.

रोहन सी-३०२: काकांना माउस देऊ नका फक्त.

प्रकाश ए-२०२: रोहन, चूक झाली ती कबूल केली. सहा वर्षं बिनपगारी खजिनदारी करतोय, पावत्या फाडायला कोण येतो बघू तुमच्यातला.

वर्षा बी-१०१: राहू दे प्रकाशभाई. कॉपी झालं की पुढे काय रे?

अद्वैत बी-१०१: आधी एसएफसी करून बघितलं, ते गेलेल्या फाइली विंडोजच्या आतल्या साठ्यातून परत आणतं. पण इथे एवढ्या गेल्यात की अर्ध्यावर थांबलं. आता विंडोज परत टाकतो. पार्टिशन फॉरमॅट न करता टाकलं तर जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात राहतं. मायक्रोसॉफ्टच्या टूलने पेन ड्राइव्ह बनवायला घेतलाय, कमीत कमी ८ जीबीचा लागतो, माझा लिनक्समध्ये अडकलाय. ऑफिसच्या खणात एक निळा मिळाला तो वापरतोय.

सुलभाताई बी-२०३: निळा कुठला?

सुलभाताई बी-२०३: अद्वैत निळा कुठला??

सुलभाताई बी-२०३: त्याला लाल दोरी आहे का?

अद्वैत बी-१०१: हो. टूल त्यावरचं सगळं पुसतं, आधी विचारतं. मी ऑफिसचा समजून ओके केलं.

सुलभाताई बी-२०३: तो माझा होता. चवथीच्या आरत्यांची प्रिंट काढायला प्रकाशभाईंकडे दिला होता. त्यात आमच्या सासऱ्यांची घुमट आरती होती रे, मातीच्या घुमटाच्या तालावरची, त्यांच्याच आवाजातली, मांडवात पोरं ओरडतायत, मध्येच ते खोकतात आणि परत ताल पकडतात. दुसरी कॉपी नाही.

प्रकाश ए-२०२: ताई, खणात मीच ठेवला. चिठ्ठी लावायची राहिली.

(पंधरा मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

रोहन सी-३०२: ताई, पेन ड्राइव्ह किती जीबीचा?

सुलभाताई बी-२०३: ३२. कळत नाही मला त्यातलं.

रोहन सी-३०२: मग आशा आहे. विंडोजने चार-पाच जीबीवर लिहिलं असेल, बाकीच्या जागेवरचं तसंच असतं, फक्त यादी पुसली जाते. अद्वैत, इन्स्टॉल झालं की लगेच काढून ठेव, त्यावर अजून काही लिहू नको. फोटोरेक (पुसलेल्या फाइली शोधणारं टूल) चालवून बघतो मी, आणि जे मिळेल ते दुसऱ्या डिस्कवर काढतो.

उल्हास सी-१०४: सगळ्यांच्या भावना समजतात पण माझं नो ड्यूज सोमवारी पाहिजे.

रविवार

अद्वैत बी-१०१: विंडोज आलं, लायसन आपोआप लागलं. टॅली परत टाकून जुना फोल्डर दाखवला, सगळी वर्षं दिसतात. पण विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झालेत, आणि हे मशीन ११ घेत नाही. नवीन मशीनचा विषय एजीएमला घ्या.

दामूकाका ए-१०१: कोटेशन मागवावीत.

प्रकाश ए-२०२: बॅकअप आता दर शनिवारी दोन ठिकाणी. एक वर्षावहिनींकडे, एक माझ्याकडे. उल्हासबाब, यादी उघडली. तुमचे एप्रिलपासूनचे पाच महिने दिसतायत, ७,५०० रुपये. भरलेत का? पावती नंबर द्या, लगेच नो ड्यूज काढतो.

उल्हास सी-१०४: हा मेसेज डिलीट केला आहे

रोहन सी-३०२: अद्वैत, हा रिकव्हर होतो का रे 😂

वर्षा बी-१०१: रोहन पुरे. आणि तुझे दोन नाहीत, चार आहेत.

रोहन सी-३०२: ताई, ४१ ऑडिओ फाइली मिळाल्या. नावं सगळी गेली, एफ आणि पुढे सात आकडे एवढंच. एकात घुमट आहे आणि कोणतरी खोकतंय. पण शेवट तुटलाय, बाकीच्या चाळायच्यात.

सुलभाताई बी-२०३: आत्ता येते खाली. वर्षा, ऑफिस उघडं ठेव. प्रकाशभाई तुम्ही पण या, आवाज तुम्हाला माहीत आहे त्यांचा.

उल्हास सी-१०४: उद्या सकाळी यूपीआय करतो. नो ड्यूज दुपारपर्यंत होईल ना?