छातीत दुखलं तर थांबून बघायचं की लगेच निघायचं?

रानवारा (धागाकर्ता)
गेल्या वर्षी माझ्या मोठ्या भावाने पहाटे चारला आम्हाला उठवलं. वय ५१. दुखतंय असं तो म्हणालाच नाही. "जड वाटतंय, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं," एवढंच. मूठ आवळून छातीच्या मधोमध धरली होती आणि पंखा चालू असून बनियन घामाने चिंब. आम्ही गॅसची गोळी दिली. जरा बरं वाटलं, पडून राहिला. आठला जबड्यात कळ आली तेव्हा निघालो, आणि गाडी त्यानेच चालवली, कारण मला येत नाही.

अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. आता एक जिना चढताना तो मध्येच कठडा धरून उभा राहतो.

धमनीत गुठळी अडकली की पलीकडच्या स्नायूचं रक्त तुटतं. साधारण अर्ध्या तासापासून तो स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला भाग परत येत नाही. हे आम्हाला नंतर कळलं. म्हणून माझं ठाम मत: छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटून ते पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही, किंवा सोबत घाम, धाप, मळमळ, हाताला-जबड्याला-पाठीला कळ असेल, तर घरात चर्चा करत बसायचं नाही. दहा वेळा फुकट खेप झाली तरी चालेल.

वाटाड्या
भावाबद्दल खरंच वाईट वाटलं. तरीही असहमत.

दहा फुकट खेपा म्हणजे काय ते माझ्या घरात बघतोय. नात्यातलं एक माणूस झटक्याने गेलं आणि आईने अशा याद्या वाचायला सुरुवात केली. दोन वर्षांत सात वेळा कॅज्युअल्टी. सातही वेळा सगळं नॉर्मल. आता ती आंघोळीला जाताना आतून कडी लावत नाही. पाठ, खांदा, पोट, जबडा, यातलं काहीच दुखत नाही असा साठीचा माणूस दाखवा मला.

आणि झटका काही त्या पहाटे तयार होत नाही. ५२ देशांत झालेला 'इंटरहार्ट' अभ्यास २००४ साली आला. त्यात पहिल्या झटक्याच्या धोक्याचा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ९४ टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला: तंबाखू, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं, दारू. यांवर वीस वर्षं कुणी बोलत नाही आणि शेवटच्या वीस मिनिटांवर मात्र धागे निघतात.

तिसरी पाळी
अकरा वर्षं कॅज्युअल्टीत परिचारिका आहे. "अॅसिडिटीच असेल म्हणून थांबलो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वाटाड्या यांच्याशी सहमत होणं मला शक्य नाही. गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, हे सिद्ध होत नाही. पहिला ईसीजी साफ आला म्हणूनही होत नाही. म्हणून तर आम्ही ईसीजी परत काढतो, काही तासांनी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) परत तपासतो.

एका बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर वाढणारी, श्वास घेताना टोचणारी कळ बहुधा हृदयाची नसते. 'बहुधा' हा शब्द वगळून वाचू नका.

रानवारा, एक गोष्ट मात्र खटकली. पेशंटने गाडी चालवायची नाही, कधीच नाही. झटक्यात हृदय अचानक थांबू शकतं. रुग्णवाहिका बोलवा, त्याला चालायला लावू नका, बसवून ठेवा. शुद्ध गेली आणि श्वास बंद किंवा नुसते आचके असतील तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल.

अबोली
मला तर धाग्याचं शीर्षकच चुकलंय असं वाटतं. माझ्या छातीत दुखलंच नव्हतं.

५८ वय, अठरा वर्षांचा मधुमेह. दोन दिवस मळमळ आणि असा थकवा की केस विंचरताना हात वर धरवेना. "टेन्शन घेता तुम्ही" म्हणून एका ठिकाणाहून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढला तेव्हा झटका येऊन गेलेला. मधुमेहात नसा बधिर होतात, कळ पोचतच नाही. बायकांमध्येही छातीत दुखण्याऐवजी धाप, मळमळ, थकवा पुढे येऊ शकतो. रानवारांची यादी पाळत बसले असते तर तिसऱ्या दिवशीही गेले नसते.

वाटाड्या
अबोलीताई, तुमच्यावर अन्याय झाला. पण मी म्हणतो ते हेच. थकवा हेही लक्षण धरलं तर घरी थांबायचं कुणी?

तिसरी पाळी
थकवा कुणाचा आहे ते बघायचं. बावीस वर्षांच्या निरोगी मुलीचा आणि अठरा वर्षं मधुमेह असलेल्या बाईचा थकवा सारखा कसा मोजता? तुम्ही दिलेल्या नऊ गोष्टी इथेच कामाला येतात.

कोरा कागद
मग रोज अॅस्पिरिन घेतलेली बरी ना? माझे काका घेतात.

तिसरी पाळी
काकांना आधी झटका किंवा स्टेंट असेल तर डॉक्टरांनी दिली असेल, ती परस्पर बंद करू नये. धडधाकट माणसाने आपल्या मनाने सुरू करू नये. २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत रक्तस्रावाचा धोका वाढलेला दिसला. झटक्याची शंका असताना ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाणं वेगळं. तीही रुग्णवाहिकेला फोन केल्यावर, अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तरच, आणि जमल्यास फोनवर विचारून.

वाटाड्या
अजूनही पूर्ण पटलेलं नाही. आईला काय सांगू, तेवढं सांगा.

तिसरी पाळी
तिच्या डॉक्टरांसमोर बसून एका कागदावर लिहून घ्या: काय झालं तर लगेच निघायचं, काय झालं तर सकाळी फोन. आणि तिच्या भीतीवर वेगळे उपचार करा, तोही आजारच आहे. आठव्या वेळी ती "निघूया" म्हणाली तर मात्र चिडू नका.

रानवारा
भावाला धागा वाचायला दिला. त्याने एक दुरुस्ती सांगितली. सुरुवात चारला नव्हती, दोनला झाली होती. तुमची झोप मोडायची नव्हती, म्हणाला.