निसर्गचित्रात गूढपणा आणायचा कसा? (जलरंग, शिवडी)

खाडीकाठची
नमस्कार मंडळी, जलरंगात लॅण्डस्केप करते, नोकरी सांभाळून, म्हणजे रविवार ते रविवार. सध्या शिवडीच्या जेट्टीवर जाऊन अटल सेतू रंगवायचा प्रयत्न चाललाय. तिथे उभं राहिलं की कसंतरीच होतं, चांगल्या अर्थाने. समोर तिवरांची काळी किनार, मग नुसताच चिखल आणि पाणी, आणि त्यातून तो पूल निघतो तो कुठेतरी मधेच हवेत संपतो, पलीकडे न्हावा आहे हे माहीत असूनही डोळ्यांना ते पटत नाही. हेच मला कागदावर हवंय.

पण घरी येऊन चित्र बघितलं की सगळं बरोबर असतं आणि ते मात्र नसतं. पर्स्पेक्टिव्ह ठीक, खांब जागच्या जागी, रंग स्वच्छ. बहीण बघून म्हणाली, "अगं किती छान, अगदी फोटो!" झालं, कल्याण. कोणीतरी म्हणालं धुकं टाक, तर टाकलं, म्हणजे लांबचा भाग पाण्याने फिका केला. आता चित्र गूढ नाही, नुसतं धुतल्यासारखं दिसतंय. मग नक्की करायचं काय? कागद ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस (जाड, जरा खरबरीत) आहे, रंग साधेच मोजके आहेत आणि नवीन काही विकत घ्यायला सांगू नका प्लीज, महिनाअखेर आहे.

बटाटावडा_डिप्लोमा
सगळ्यात आधी, फ्लेमिंगो काढले असतील तर पुसा. शिवडी म्हटलं की लोकांना गुलाबी ठिपके टाकल्याशिवाय चैनच पडत नाही आणि एकदा का ते आले की चित्र पर्यटन खात्याचं होतं. बाकी जाणकार येतीलच.

जुना_विद्यार्थी
ताई, प्रश्न धुक्याचा नाहीये. मला सांगा, खांब किती काढलेत? मी पैजेवर सांगतो, दिसत होते तेवढे सगळे, आणि वर जे दिसत नव्हते पण असणार हे माहीत होतं तेही. पूल जवळजवळ २२ किलोमीटरचा आहे हे तुमच्या डोक्यात असतं, हात ते पूर्ण करायला बघतो आणि बघणाऱ्याला करायला काही शिल्लकच राहत नाही.

अकराव्या शतकात चीनमध्ये गुओ शी नावाचा चित्रकार होऊन गेला, त्याचं १०७२ चं 'अर्ली स्प्रिंग' हे चित्र नेटवर शोधा. त्याचं म्हणणं असं होतं की डोंगर उंच वाटायला हवा असेल तर तो सगळा दाखवू नका, मधे धुकं येऊ द्या. आता त्याने ते कुठे आणलंय ते बघा. पायथ्याशी आणि कमरेशी. शिखर मात्र चांगलं गडद, ठसठशीत आहे. आपण उलटं करतो, लांबचं जे काही असेल ते सरसकट फिकं, वर पण आणि खाली पण. तुमच्या पुलाला हे लावून बघा, वरची पट्टी थोडी ठाम ठेवा आणि खांबांचे पाय पाण्यात विरघळू द्या, म्हणजे ते उभे कशावर आहेत हेच कळलं नाही पाहिजे. धुतल्यासारखं दिसायचं कारण माझ्या मते हेच आहे, फिकं भरपूर झालंय पण त्याच्या शेजारी घट्ट असं काही नाही. एक तरी कडा अशी हवी की बोट कापेल, बाकीच्या गेल्या तरी चालतील.

करायचं कसं, तर आधी पेन्सिलने पोस्टकार्डापेक्षा लहान थंबनेल करा, फक्त तीन टोन, गडद, मधला आणि फिका. डोळे बारीक करून बघितल्यावर पाणी आणि आकाश एकच वाटतंय ना, मग एकाच वॉशमध्ये (पाणीदार रंगाच्या एका सलग थरात) दोन्ही घ्या, क्षितिजाची रेघ ओढूच नका. कागदावरची चमक जात आली की लांबचे खांब, रंग जरा घट्ट, ब्रश जवळपास कोरडा, कारण ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा जास्त झालं की डाग फुटलाच म्हणून समजा. जवळचे खांब आणि तिवरं पूर्ण सुकल्यावर. पावसाळ्यात मुंबईत कागद लवकर सुकत नाही म्हणून सगळे रडतात, पण या कामाला तेच बरं, निवांत वेळ मिळतो. एप्रिल-मेमध्ये जेट्टीवर वारा असेल तर विसरा.

आणि होड्या. होड्या घातल्यात का? जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं 'मंक बाय द सी' बघा, १८०८ ते १८१० मधलं, बर्लिनला आहे. एक एवढासा माणूस, खाली वाळूची पट्टी, काळपट समुद्र आणि उरलेला सगळा कॅनव्हास आकाश. त्याची इन्फ्रारेड तपासणी झाली तेव्हा खाली जहाजं सापडली, म्हणजे त्याने ती आधी घेतली होती आणि नंतर स्वतःच बुजवली. जहाज असतं तर समुद्र केवढा, जहाज कुठे चाललंय, हे सगळं बघणाऱ्याला मोजता आलं असतं. ते काढून टाकल्यावर मोजायला काही उरलंच नाही. तुमच्या चित्रातली एकेक वस्तू बोटाने झाका आणि बघा, ती नसल्यावर चित्र बिघडतंय की सुधारतंय.

दुपारची_उन्हं
वरचं सगळं मान्य पण मला हे धुकं, पाऊस, कातरवेळ प्रकरण जरा जास्तच झालंय असं वाटतं. जहांगीर आर्ट गॅलरीत कुठल्याही आठवड्यात चक्कर मारा, घाटात धुकं, बनारसला धुकं, कोकणात धुकं, आणि बघणारा म्हणतो वा काय गूढ आहे आणि पुढच्या दालनात जातो!

इटालियन चित्रकार द किरिकोची १९१० च्या आसपासची ती इटलीतल्या चौकांची चित्रं बघितलीत का? लख्ख ऊन, सगळ्या कडा सुरीने कापल्यासारख्या, लपवलेलं काहीच नाही, तरी पोटात गोळा येतो. का, तर एक म्हणजे सावल्या लांबच लांब आणि त्यातल्या काही कोणाच्या तेच दिसत नाही, सावलीचा मालक फ्रेमच्या बाहेर उभा. दुसरं म्हणजे इमारतींच्या रेषा एका बिंदूला जातच नाहीत, प्रत्येक इमारत आपापल्या हिशोबाने चाललीय, ते चटकन लक्षात येत नाही पण डोळा अडखळतो. आणि एवढ्या मोठ्या चौकात माणूसच नाही किंवा एखाददुसरा.

मी परळ-लालबागकडे मिलच्या उरलेल्या भिंती आणि धुराच्या चिमण्या करतो, भर उन्हात. फक्त एक सांगतो, मे महिन्यात दुपारी बाराला जाऊ नका, घाम सोडून काही मिळणार नाही. मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गायब, मग रंगवणार काय? डिसेंबर-जानेवारीत मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य तिरका असतो, सावल्या वापरण्याजोग्या पडतात, आणि साडेचारनंतर तर एका चिमणीची सावली अख्खा रस्ता ओलांडून समोरच्या टॉवरवर चढते. तिथे चिमणी फ्रेममध्ये घेऊच नका, फक्त सावली घ्या.

खाडीकाठची
सावलीचा मालक फ्रेमबाहेर, हे भारी आहे! आणि हो, होड्या घातल्या होत्या, दोन, त्यातली एक निळी :)

अजून एक विचारायचंय. सगळी पुस्तकं सांगतात की लांबचं निळं करा. मी कोबाल्ट निळा वापरते लांबच्या भागाला, पण मग शिवडी न दिसता एकदम महाबळेश्वर पॉइंट दिसायला लागतो. आणि मी साधारण संध्याकाळी पाचला पोचते, त्याने काही फरक पडतो का?

तेलातला_माणूस
खूपच पडतो! शिवडी पूर्वेला तोंड करून आहे ना. संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, पुलावर समोरून प्रकाश, एकेक खांब उजळून निघतो, गोलाई दिसते, काँक्रीटचा रंगसुद्धा दिसतो. तुमच्या ताईंना फोटो वाटला त्यात नवल नाही. सकाळी सातच्या सुमाराला जा, सूर्य पुलाच्या मागून येतो, तपशील आपोआप बंद होतो आणि उरतो नुसता आकार. अर्धं काम तिथेच झालं.

निळ्याचं म्हणाल तर ते स्वच्छ हवेचं गणित आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून लांबचे डोंगर निळे दिसतात. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी जे तरंगत असतं ते धूळ, धूर आणि बाष्प, ते कण मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून पांढुरकं, मळकट दिसतं. डिसेंबरात शिवडीहून बघा, लांबचं राखाडी आणि खाकीच्या मधलं काहीतरी असतं आणि सूर्याच्या बाजूला किंचित गुलाबी. कोबाल्ट बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सिएनाचा ग्रे करा, त्यात यलो ओकरचा नखभर, सूर्याकडे लाइट रेडची नुसती झाक. हे चार रंग तुमच्याकडे असणारच, खर्च शून्य. पावसाने उघडीप दिली की मात्र उलटं होतं, हवा धुतलेली असते, घारापुरी आणि तिच्यामागचे डोंगर हात लावावा एवढे जवळ येतात, तेव्हा निळा खुशाल वापरा, पण त्या दिवशी तुम्हाला हवंय ते तिथे नसतं.

तेलात याच कामाला आम्ही स्कंबल करतो. खालचा गडद थर पूर्ण सुकला की त्यावर पांढऱ्यात कालवलेला फिका रंग कोरड्या ब्रशने अगदी पातळ घासायचा. खालचं गडद अर्धवट दिसत राहतं आणि वरचा थर आपोआप थंड, दुधाळ दिसतो, निळा न वापरता. जलरंगात गुवाशच्या (म्हणजे अपारदर्शक जलरंगाच्या) पांढऱ्याने जवळपास जाता येतं पण जरा जाड झालं की खडू फासल्यासारखं होतं, त्यामुळे आधी रद्दी कागदावर.

बटाटावडा_डिप्लोमा
मघाशी मस्करी केली, आता एक कामाचं सांगतो. तिथे मोबाइल काढू नका. आजकालचा कॅमेरा न विचारता सावल्या उजळवतो, आकाश सावरतो, जे तुम्हाला दिसलंच नव्हतं तेही दाखवतो, आणि घरी तुम्ही तेच रंगवता. चित्रकार व्हिसलर लंडनला थेम्स नदीची रात्रीची चित्रं करायचा तेव्हा तिथे उभा राहून बघायचा, मग नदीकडे पाठ करून सोबतच्या माणसाला काय काय दिसलं ते आठवून सांगायचा, चुकलं की परत बघायचं. चित्र नंतर स्टुडिओत, आठवणीतून, रंग इतका पातळ की त्यालाच तो 'सॉस' म्हणायचा. आठवणीत राहिलं नाही ते चित्रातही नाही, चाळणी फुकटात. (त्याच्या १८७५ च्या 'फॉलिंग रॉकेट' या चित्रावर रस्किन या कलासमीक्षकाने एवढं वाईट लिहिलं की प्रकरण कोर्टात गेलं. १८७८ मध्ये व्हिसलर जिंकला, भरपाई किती, तर एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! आणि खर्चापायी दिवाळखोर झाला तो वेगळाच.)

दुपारची_उन्हं
ही आयडिया मिलला पण चालेल. तिथे वॉचमन तसंही दहा मिनिटांच्या वर उभं राहू देत नाही, "साहेब परमिशन?" सुरू होतं.

खाडीकाठची
ठरलं मग, रविवारी सकाळी सातला, मोबाइल बॅगेत, होड्या रद्द, खांबांना पाय नाहीत. मिलच्या सावल्या डिसेंबरात. कोणी येणार असेल तर शिवडी स्टेशनला पूर्वेला भेटू.

जुना_विद्यार्थी
मी येतो. पण निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. पूर्ण ओहोटी असेल तर समोर लांबपर्यंत चिखलच असतो, पाणी फार मागे गेलेलं, खांबांचे पाय विरघळवायला पाणी लागतं ना. भरती चढत असताना पोचलो तर उत्तम. आणि पाण्याची बाटली जास्तीची आणा, एक रंगाला आणि एक प्यायला, तिथे आत गेल्यावर काही मिळत नाही.