दोन टीमच्या व्हेलॉसिटीची तुलना होत असेल तर स्क्रम मास्टरने काय करावे?

सह्याद्रीवारा (प्रश्न):
नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर (स्क्रम या कार्यपद्धतीनुसार टीमचे काम नीट चालावे याकडे लक्ष देणारी व्यक्ती) आहे. विम्याच्या एकाच उत्पादनावर आमच्या दोन टीम काम करतात आणि स्प्रिंट, म्हणजे कामाची ठरावीक मुदतीची एक फेरी, दोन आठवड्यांची असते. आमचे डिलिव्हरी मॅनेजर दर स्प्रिंटच्या शेवटी दोन्ही टीमची व्हेलॉसिटी (स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या कामाचे एकूण पॉइंट; पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा) एकाच तक्त्यात मांडून परदेशातील ग्राहकाकडे पाठवतात. दुसऱ्या टीमचा आकडा नेहमी मोठा दिसतो. त्यांच्याकडे नवे स्क्रीन आहेत, तर आमच्याकडे हप्त्याची आकारणी करणारा जुना कोड आहे, पण तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. आता प्लॅनिंगमध्ये पूर्वी तीन पॉइंट मिळत असत त्या स्टोरीला (कामाच्या छोट्या घटकाला) पाच पॉइंट सहज दिले जातात आणि टेस्टिंग शेवटच्या दोन दिवसांत उरकले जाते. ग्राहक विचारतो म्हणून मॅनेजरांना काहीतरी आकडा हवाच आहे. तो सरळ नाकारण्याऐवजी त्याच्या जागी काय देता येईल?

मोजपट्टी:
आपल्या मॅनेजरांना पहिली गोष्ट ही सांगावी की स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी यांपैकी काहीही स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत, बंधनकारक नाही. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेल्या या गाइडच्या 2020 च्या आवृत्तीत हे दोन्ही शब्द आढळत नाहीत. पॉइंटची पद्धत एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या दुसऱ्या कार्यपद्धतीतून आली. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगच्या प्रवर्तकांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी लिहिले आहे की सुरुवातीला अंदाज ‘आदर्श दिवसां’त (कोणताही व्यत्यय न येणाऱ्या दिवसांत) केला जात असे, परंतु एका दिवसाच्या कामाला प्रत्यक्षात तीन दिवस का लागतात, असे वरिष्ठ वारंवार विचारू लागल्यामुळे दिवस हा शब्द सोडून पॉइंट म्हणण्यास सुरुवात झाली. म्हणजे ज्या हिशेबी चौकशीपासून टीमला मोकळे ठेवण्यासाठी हे एकक आले, तीच चौकशी आज त्याच्याच आधारे होत आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रत्येक टीमचे पॉइंट तिच्या स्वतःच्या जुन्या कामाशी तुलना करून ठरतात. त्यामुळे एका टीमचे तीस आणि दुसरीचे पन्नास यांची वजाबाकी करण्याला काहीच अर्थ उरत नाही.

चाचणीघर:
मी टेस्टर आहे, म्हणून शेवटच्या दोन दिवसांबद्दल लिहिते. माझ्या मते आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर भाग तोच आहे. जे काम ‘डेफिनिशन ऑफ डन’ (काम पूर्ण झाले असे मानण्याची ठरलेली व्याख्या) पूर्ण करत नाही ते प्रसिद्ध तर करता येत नाहीच, पण स्प्रिंट रिव्ह्यूमध्येही (स्प्रिंटअखेरच्या आढावा बैठकीतही) मांडता येत नाही. ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये (उत्पादनाच्या उरलेल्या कामांच्या यादीत) परत जाते, असे गाइड स्पष्ट म्हणते. एकाच उत्पादनावर अनेक टीम असतील तर ही व्याख्या सर्वांनी मिळून ठरवायची आणि सर्वांनीच पाळायची असते. आपल्या दोन्ही टीमची व्याख्या एकच आहे का, हे आधी तपासा. एका टीमकडे कोड मर्ज झाला (मुख्य कोडमध्ये मिसळला) की स्टोरी बंद होत असेल आणि दुसरीकडे जुन्या पॉलिसींवर रिग्रेशन (नव्या बदलाने आधीचे काही बिघडले नाही ना याची फेरतपासणी) झाल्यानंतरच ती बंद होत असेल, तर आकड्यांतला बराच फरक तिथेच असण्याची शक्यता आहे. याशिवाय एका वेळी किती स्टोरी हातात घ्यायच्या यावर मर्यादा घाला. सहा डेव्हलपरांनी पहिल्याच दिवशी सहा स्टोरी उघडल्या तर त्या सगळ्या टेस्टिंगला एकदमच येणार. त्याऐवजी दोघांनी मिळून एक स्टोरी पुढे नेली, तर मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासायला काहीतरी मिळते आणि सापडलेला दोष त्याच स्प्रिंटमध्ये दुरुस्त होतो.

दीपस्तंभ:
वरील दोन्ही मतांशी सहमत आहे, मात्र ग्राहकाचा प्रश्नही रास्त आहे: आपल्याला काय आणि केव्हा मिळणार, हे त्याला कळायला हवे. त्यासाठी प्रत्येक स्प्रिंटचे एक ठोस उद्दिष्ट लिहा, उदाहरणार्थ ‘नूतनीकरणाचा हप्ता नव्या दराने आकारला जाईल’, आणि ते साध्य झाले की नाही हे चालत्या सॉफ्टवेअरवर दाखवा. तारखेचा अंदाज हवा असेल तर दर स्प्रिंटमध्ये खरोखर पूर्ण झालेल्या स्टोरींची संख्या पाहून एकच दिवस न सांगता कालावधी सांगावा. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामाला ‘कमिटमेंट’ (वचन) ऐवजी ‘फोरकास्ट’ (अंदाज) म्हणण्याचा बदल गाइडमध्ये 2011 सालीच झाला होता, हेही मॅनेजरांना दाखवता येईल. एक अपवाद मात्र आहे: बिलाची रक्कम पॉइंटवर ठरत असेल तर हा विषय कराराचा होतो आणि स्क्रम मास्टरला तो एकट्याने सोडवता येत नाही.

सह्याद्रीवारा:
सर्वांचे आभार. आमचा करार पॉइंटवर नाही, त्यामुळे मार्ग मोकळा आहे. दोन्ही टीमची ‘डन’ची व्याख्या तपासली, दुसऱ्या टीमच्या व्याख्येत रिग्रेशन नाही. पुढच्या प्लॅनिंगआधी दोन्ही टीम आणि प्रॉडक्ट ओनर (कोणते काम आधी करायचे ते ठरवणारी व्यक्ती) यांची एकत्र बैठक घेऊन ती एक करण्याचा प्रस्ताव मांडत आहे, आणि ती ठरेपर्यंत तक्ता पाठवू नये अशी विनंती मॅनेजरांना आजच लेखी करतो.