मदत हवी आहे: काळ्या आरशांना गाडीचा रंग द्यायचाय, पण रंग धरतच नाही

मंडळी, गाडी मारुतीची, २०१७ ची, बेस मॉडेल, रंग सिल्की सिल्व्हर. मामाकडून घेतली. बेस मॉडेल असल्यामुळे बाहेरचे दोन्ही आरसे काळ्या दाणेदार प्लास्टिकचे. नेरुळला आमची पार्किंगची जागा उघड्यावर आहे, त्यामुळे उन्हाने ते काळेही राहिले नाहीत, राखाडी झालेत.

मे महिन्यात मी घरीच डावा आरसा रंगवला. काय काय केलं ते क्रमाने सांगते, चुकलं कुठे ते सांगा. आधी ४०० नंबरचा वॉटर पेपर मारला. मग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला. काचेवर मास्किंग टेप लावला आणि सिल्व्हरच्या स्प्रे कॅनचे तीन हात दिले. प्रायमर नाही मारला. (माहीत आहे, ओरडू नका. दुकानदार म्हणाला, "डायरेक्ट बसतो.") रंग मारताना मध्ये मध्ये बारीक गोल खळगे पडत होते, रंग तिथून बाजूला सरकत होता. मी त्यावर अजून एक हात मारून दिला ठोकून.

पंधरा दिवस येता-जाता मी आरशातलं सोडून आरशाकडेच बघत होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, गाडी पुसणाऱ्या मुलाचं ओलं फडकं फिरलं, आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. नख लावलं की लांबच्या लांब पट्टी निघते. खालचं प्लास्टिक अगदी कोरं.

तुर्भ्याच्या एका गॅरेजवाल्याने दोन्हीचे ३,००० सांगितले आणि वर "प्लास्टिक है मॅडम, गॅरंटी नहीं." अहो, मग बंपर काय सागवानाचा असतो? त्याला कसा रंग बसतो?

उरलेला रंग थिनरने काढू का? प्रायमर नक्की कोणता घ्यायचा? आणि कॅनवर सिल्व्हर लिहिलेलं असूनही माझा आरसा दारापेक्षा गडद का दिसतोय? बाबांचं म्हणणं, काळेच बरे होते. त्यावर घरात चर्चा झालेली आहे, इथे नको.

रबाळेकर:
थिनर अजिबात लावू नका. प्लास्टिक एबीएस जातीचं असेल तर ते मऊ पडून चिकट होईल. सुटतोय तेवढा रंग नखाने काढा, बाकीचा पाणी मारत पेपरने.

आता प्लास्टिक कोणतं ते बघा. आरसा खोलला की कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं उठवलेली असतात. एबीएस असेल तर साधा प्लास्टिक प्रायमर पुरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल, तर त्याला सहसा काहीच चिकटत नाही, आधी ॲडहेजन प्रमोटरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात लागतो. बंपर बहुतेक पीपीचेच असतात. कारखान्यात आधी ज्योत फिरवून किंवा प्रमोटर मारून पृष्ठभाग तयार करतात, मग रंग. गॅरेजवाला हेच टाळतो आणि गॅरंटी नाही म्हणतो.

पण मला खटकलं ते खळग्यांचं. ते सिलिकॉनमुळे पडतात, आणि सिलिकॉन बहुतेक पॉलिशमधून येतं. आरशांना कधी डॅशबोर्ड पॉलिश लावलंय का?

घोडबंदरवाला:
ताई, मी बाबांच्या बाजूने. काळाच ठेवा, खरचटलं तरी दिसत नाही. आमच्या पार्किंगच्या खांबाने माझे दोन आरसे खाल्लेत.

धागाकर्ती:
रबाळेकर, तुम्ही गाडी बघितलीत का हो? बाबांना विचारलं. दर रविवारी दोन्ही आरशांना डॅशबोर्डचं पॉलिश, गेली दोन वर्षं! मला वाटायचं ते काचा पुसतायत. आतली अक्षरंही पाहिली, एबीएस आहे.

रबाळेकर:
मग प्लास्टिकचा दोष नाही, क्रमाचा आहे. तुम्ही आधी पेपर मारला, त्यामुळे सिलिकॉन पुसलं न जाता चऱ्यांमध्ये आणखी रुतलं. आधी भांड्याच्या साबणाने दोनतीनदा घासून धुवा, मग कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, दर वेळी कापड नवं. त्यानंतरच पेपर, आणि पेपरनंतर पुन्हा पुसायचं. पाणी टाकलं की थेंब न बनता सपाट पसरलं पाहिजे. तसं पसरेपर्यंत प्रायमरला हात लावू नका.

गडद दिसण्याचं कारण सांगतो. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. हात ओला पडला की रंग गडद दिसतो, कोरडा पडला की उजळ. एकाच डब्यातला रंग दोन जणांनी मारला तर दोन छटा येतात. त्यात तुमचा कॅन नुसता सिल्व्हर, सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस आहे, तो सांगून रंग बनवून घ्या. आधी पुठ्ठ्यावर मारून दारापाशी उन्हात धरून बघा. दोन्ही आरसे एकाच बैठकीत, म्हणजे उजवाही घ्या. वर क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, हवाच.

आणि आत्ता जुलैत करू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली दमट वाफ त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ होतं. ऑक्टोबरपर्यंत थांबा. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही, म्हणून गॅलरीत तर नकोच. धुणं, पेपर, प्रायमर तुम्ही करा. सिल्व्हर आणि लॅकर गॅरेजवाल्याला मारू द्या, भाव निम्म्यावर आला पाहिजे.

धागाकर्ती:
फोन केला. तयार आरसे आणून दिले तर दोन्हीचे १,४०० म्हणाला. पॉलिशची बाटली मी माझ्या कपाटात ठेवली आहे, बाबा शोधतायत. एकच राहिलं: प्लास्टिकचे दाणे पेपरने पूर्ण सपाट करायचे की प्रायमर सर्फेसरने (खळगे भरणाऱ्या जाड प्रायमरने) भरून घ्यायचे?