मदत हवी आहे: जुन्या ९५ किमी लाइनवर ४००झेडआर की ट्रान्सपॉन्डरचा डबा?

धागाकर्ता: फायबर जी.६५२ (नेहमीचं सिंगल-मोड), ९५ किमी. दोन्ही टोकांना ४० चॅनेलचे, १०० गिगाहर्ट्झचे मक्स (वेगवेगळ्या तरंगलांबीचे चॅनेल एका फायबरवर एकत्र आणि पुन्हा वेगळे करणारे, लॉस ५ डीबी), बूस्टर (पाठवताना सिग्नल वाढवणारा अँप), प्रीअँप (घेताना वाढवणारा) आणि त्याच्या दोन टप्प्यांमध्ये डीसीएम (डिस्पर्शन, म्हणजे फायबरमध्ये सिग्नलचं पसरणं, भरून काढणारा भाग). १०जीचे सहा चॅनेल चालूच राहणार. एक विक्रेता म्हणतो, ४००जी साठी वेगळा डबा लागेल (ट्रान्सपॉन्डर, स्विचचा सिग्नल लांबच्या फायबरसाठी बदलून देणारा). दुसरा म्हणतो, ४००झेडआर (लांब अंतराचं ४००जीचं ऑप्टिकल मॉड्यूल) थेट स्विचमध्ये खोचा. कोण बरोबर?

प्रतिसाद १: दुसरा, पण काठावर. हिशेब असा: मॉड्यूल उणे १० डीबीएम सोडतं, मक्सनंतर उणे १५. बूस्टरने शून्यावर आणा. फायबरचे २१ आणि जोडांचे २ गेले की प्रीअँपला उणे २३ मिळतात. नॉइज फिगर (अँप किती नॉइज मिसळतो) ६ धरली तर दोन्ही अँप मिळून ओएसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण, डीबीमध्ये) २८.४, मॉड्यूलचा स्वतःचा ३४ मिसळला की २७.३. ४००झेडआरला २६ लागतो. सव्वा डीबीच्या मार्जिनवर लाइन देऊ नये, केबल एकदा तुटून जोडली की संपलं. ओपनझेडआर+ (त्याच प्रकारचं, जास्त पल्ल्याचं मॉड्यूल) घ्या, त्याला २४ पुरतो. मात्र दोन्ही टोकांना ओएफईसी (ओपनझेडआर+चा, चुका दुरुस्त करणारा कोड) मोडच ठेवा. एकीकडे सीएफईसी (४००झेडआरचा कोड) राहिला तर पॉवर छान दिसेल आणि लिंक उठणार नाही.

डिस्पर्शन १६०० पिकोसेकंद/नॅनोमीटरच्या आसपास, कोहेरंटला (प्रकाशाचा फेजही वाचणाऱ्या या ४००जी मॉड्यूलला) किरकोळ. डीसीएम १०जीसाठीच लागतो. तो मधल्या टप्प्यात आहे तिथेच असू द्या, प्रीअँपच्या आधी कधीही नको. १०जी आणि ४००जीच्या मध्ये दोन चॅनेल रिकामे सोडा, नाहीतर १०जीचं चालू-बंद कोहेरंटचा फेज हलवतं.

प्रतिसाद २: स्विचचं पोर्ट क्यूएसएफपी-डीडी (४००जी मॉड्यूलचं पोर्ट) आहे ना? क्यूएसएफपी२८ (१००जीचं पोर्ट) मध्ये हे बसतच नाही. एका मॉड्यूलला १५ ते २० वॅट धरा आणि त्या पोर्टला तेवढी पॉवर मिळते का ते स्विचच्या कागदात बघा. शेजारचं पोर्ट रिकामं ठेवलेलं बरं. फ्रिक्वेन्सी हाताने लावा: १९३.१ टेराहर्ट्झ म्हणजे मक्सचं ३१ नंबरचं पोर्ट. इथे चूक झाली तर समोर प्रकाशच पोचत नाही आणि लोक मॉड्यूल बदलत बसतात.

भावाचं म्हणाल तर सिस्कोने २०२१ मध्ये अकेशिया (कोहेरंट मॉड्यूल बनवणारी) घेतली, नोकियाने २०२५ मध्ये इन्फिनेरा (ऑप्टिकल उपकरणं बनवणारी). डबेवालेच आता मॉड्यूलही विकतात, तेव्हा घासाघीस करा.

धागाकर्ता: पोर्ट क्यूएसएफपी-डीडीच आहे. लिंक उठल्यावर काय बघू?

प्रतिसाद १: रिसीव्ह पॉवर उणे १२ च्या वर हवी, प्रीअँपचा गेन १९ ठेवला तर डीमक्सनंतर उणे ९ येईल. मग प्री-एफईसी बीईआर (दुरुस्तीआधीचं चुकांचं प्रमाण) २४ तास नोंदवा.