जुन्या केमोशी तुलना कशासाठी?

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर नवे औषध आशादायक असताना चाचणीत निम्म्या रुग्णांना जुनी केमोथेरपी देणे अन्याय नाही का, हा प्रश्न रास्त आहे. पण तुलनेवाचून फसगत कशी होऊ शकते, याचे उदाहरण याच आजारात आहे. प्रगत मेलानोमावर ट्रेमेलिमुमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाकडून मोठ्या आशा होत्या, तरी मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो) केमोच्या १०.७ महिन्यांच्या तुलनेत १२.६ महिने निघाले आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही (केमो गटातील काहींना पुढे इपिलिमुमॅब हे त्याच प्रकारचे औषध मिळाले, हेही एक कारण मानतात). याउलट २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, बीआरएएफ या (मेलानोमात अनेकदा बदललेल्या) जनुकात बदल नसलेल्या ४१८ रुग्णांच्या चाचणीत निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती चेतवणारे नवे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के वर्षभरानंतर हयात होते, तर डॅकार्बाझिन ही जुनी केमो घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के. आणि हा फरक दिसताच दुसऱ्या गटालाही नवे औषध खुले करण्यात आले. म्हणजे अन्यायाला आळा घालण्याची सोय चाचणीतच असते.

मात्र ते रुग्ण जवळजवळ सर्व गौरवर्णीय होते. आपल्या सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा माणूस तळपायावरचा काळा डाग पायातले कुरूप समजून ब्लेडने खरवडत राहतो; तो मेलानोमाही असू शकतो. तळव्यावरच्या अशा मेलानोमात ही औषधे तुलनेने कमी चालतात, म्हणून ७३ हा आकडा इथे जसाच्या तसा लावू नये.