गाण्यांतून इंग्रजी शिकताना काळ नीट उमगत नाहीत, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

गेले आठ महिने मी इंग्रजी गाण्यांच्या आधाराने इंग्रजी शिकत आहे. गाणे आधी शब्द न पाहता तीन-चार वेळा ऐकायचे, ऐकू येईल तसे वहीत उतरवायचे आणि मग छापील शब्दांशी ताडून चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या, असा क्रम ठेवला आहे. शब्दसंग्रह यामुळे नक्कीच वाढला, कारण चालीबरोबर मनात बसलेला शब्द आपल्या शेजारच्या शब्दांना घेऊनच आठवतो. त्याविषयी माझी काही तक्रार नाही.

अडचण काळांची आहे. इंग्रजीत काळाचा भार बहुतेक वेळा साहाय्यक क्रियापदावर असतो आणि गाताना नेमके तेच गिळले जाते. माझ्या वहीत सर्वांत जास्त लाल खुणा 'हॅव', 'हॅड' आणि 'वुड' यांच्यापाशी आहेत. 'आयड' असे ऐकू आले आणि पुढे 'सीन' असेल तर ते 'हॅड', 'सी' असेल तर 'वुड', एवढे मला कळते. परंतु 'कम' किंवा 'रन' या क्रियापदांचे पहिले आणि तिसरे रूप एकच असल्यामुळे 'आयड कम' म्हणजे 'मी आले होते' की 'मी येत असे', हे मागच्यापुढच्या ओळी पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. 'एंट' (ain't) हे बोलीतले नकारार्थी रूप तर 'इज नॉट', 'आर नॉट', 'हॅव नॉट', 'हॅज नॉट' यांपैकी कशाच्याही जागी येते.

शिवाय गाण्यातले व्याकरण अनुकरणीय असेलच असे नाही. रोलिंग स्टोन्स या बँडच्या 1965 सालच्या 'सॅटिस्फॅक्शन'च्या पूर्ण शीर्षकात ('आय कान्ट गेट नो सॅटिस्फॅक्शन') दोन नकार आहेत आणि अर्थ मात्र एकाच नकाराचा आहे. याउलट यू-टू या बँडच्या 1987 सालच्या 'आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयम लुकिंग फॉर' या शीर्षकात पूर्ण वर्तमानकाळ आणि अपूर्ण वर्तमानकाळ शेजारी शेजारी, अगदी शुद्ध रूपात भेटतात. शोध अजून चालू आहे, म्हणून सापडणेही अजून बाकी आहे, हा संबंध मला कोणत्याही तक्त्यापेक्षा या शीर्षकाने स्पष्ट करून दिला.

तरीही बोलताना माझी मराठी आड येते. 'मी त्याला काल सांगितले आहे' हे आपल्याकडे सहज चालते, म्हणून मी 'आय हॅव टोल्ड हिम येस्टरडे' असे म्हणून जाते. 'येस्टरडे' असताना साधा भूतकाळच हवा, हा नियम मला पाठ आहे, पण तो जिभेवर आलेला नाही. आणि गाणे काय म्हणतात ते सांगते, काय म्हणत नाहीत ते सांगत नाही.

म्हणून जाणकारांना विचारते: सुरुवातीला घटनाक्रम सांगणारी कथागीतेच निवडावीत का, म्हणजे आधी काय घडले आणि नंतर काय, यावरून काळ ओळखता येतील? प्रत्येक ओळ साहाय्यक क्रियापदे पूर्ण लिहून गद्यात मांडण्याचा आणि तिला 'काल', 'आतापर्यंत', 'रोज' असे शब्द जोडून क्रियापद बदलण्याचा सराव कोणी केला आहे का, आणि त्याचा उपयोग लिहिण्यापुरता राहिला की बोलण्यातही दिसला? आपण स्वतः केलेला एखादा सराव उदाहरणासह लिहिलात, तर मी तो या आठवड्यापासूनच सुरू करीन.